गोविंद बल्लाळ देवल

गोविंद बल्लाळ देवल (१३ नोव्हेंबर, इ.स. १८५५ – १४ जून, इ.स. १९१६) हे मराठी नाटककार, पद्यरचनाकार, नट आणि नाट्यशिक्षक होते. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे ते शिष्य. त्यांच्या नावावर एकूण सात नाटके आहेत. त्यांपैकी सहा संस्कृत वा इंग्रजी कृतींवर आधारलेली असून 'शारदा' (१८९९) हे एकच नाटक स्वतंत्र आहे. बाला-जरठ विवाहाच्या चालीवर उपरोधाने प्रहार करणारे 'शारदा' आणि संशयी दांपत्याची फजिती रंगवणारे 'संशयकल्लोळ' या दोन नाटकांमुळे मराठी विनोदी नाटकाच्या इतिहासात देवलांचे स्थान कायम झाले. पहिल्यात विनोद सामाजिक टीकेचे साधन बनतो, तर दुसऱ्यात तो मानवी स्वभावातील एका दोषाभोवती फिरतो. फार्स आणि उपहास या दोन्ही प्रकारांना मराठी रंगभूमीवर प्रौढ आणि सुसंस्कृत रूप देणारे नाटककार म्हणून त्यांचा विचार केला जातो.

== बालपण आणि शिक्षण ==

देवलांचा जन्म सांगलीजवळील हरिपूर येथे झाला. कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या संगमावर वसलेले हे गाव तेथील संगमेश्वराच्या मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. देवलांच्या जन्माच्या बाराच वर्षे आधी, इ.स. १८४३ मध्ये, विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' हे नाटक सादर केले होते. त्यामुळे सांगलीचा परिसर हा मराठी रंगभूमीचा जन्मपरिसर मानला जातो. तीन भावांमध्ये गोविंद हे सर्वांत धाकटे. त्यांचे थोरले बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी अधिकारी असून हिंदुस्थानी संगीतातील श्रुतिविचारावरील लेखनासाठी ओळखले जातात.

देवलांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती, तरी संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतील नाट्यवाङ्मय त्यांनी बारकाईने वाचलेले होते. काही काळ त्यांनी बेळगाव येथे शिक्षकाचा पेशा पत्करला. पुढे नाटक मंडळीत नटांना शिकवताना दिसणारी त्यांची शिस्त आणि उच्चारांविषयीचा आग्रह यांचे मूळ या शिक्षकी पेशात असावे.

== किर्लोस्करांचा सहवास ==

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) बेळगावात शिक्षक असताना देवलांचा त्यांच्याशी निकटचा संबंध आला. किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि त्यातून मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. १८८२ मध्ये त्यांचे 'सौभद्र' आले. या काळात देवल किर्लोस्कर नाटक मंडळीशी जोडले गेले. गद्य नाटके करणाऱ्या आर्योद्धारक नाटक मंडळीशीही त्यांचा संबंध होता. त्यामुळे संगीत आणि गद्य अशा दोन्ही रंगभूमींचा अनुभव त्यांच्या गाठीशी जमा झाला.

१८८५ मध्ये किर्लोस्करांचे अकाली निधन झाले. 'रामराज्यवियोग' हे त्यांचे नाटक अपूर्णच राहिले. मंडळीजवळ गाणारे नट होते, प्रेक्षक होते आणि नावलौकिकही होता. परंतु नव्या नाटकांची उणीव होती. ती उणीव प्रथमतः देवलांनी भरून काढली.

== पार्श्वभूमी : मराठी फार्स आणि समकालीन इंग्रजी रंगभूमी ==

देवलांनी लेखन सुरू केले तेव्हा मराठी प्रेक्षकांना 'फार्स' हा शब्द चांगलाच परिचित झालेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाटक मंडळ्या पौराणिक आख्यानाचा मुख्य खेळ संपल्यावर शेवटी एक छोटा फार्स करीत. देव-दैत्यांच्या कथेनंतर दारुडा, कंजूष, ढोंगी बुवा, नवशिक्षित बाबू किंवा तरुण बायकोचा म्हातारा नवरा अशी ओळखीची माणसे रंगमंचावर येत आणि रात्र हसण्यात संपे. ही रचना लंडनच्या नाट्यगृहांतील प्रथेशी मिळतीजुळती होती. तेथेही एकाच संध्याकाळी मुख्य नाटकाला जोडून लहान फार्स करीत. जॉन मॅडिसन मॉर्टन यांचा 'बॉक्स अँड कॉक्स' (१८४७) हा त्या प्रकारचा गाजलेला नमुना होय.

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरच्या तीन दशकांत इंग्रजी विनोदी नाटक या जोडखेळाच्या पातळीवरून वर आले. डब्ल्यू. एस. गिल्बर्ट यांचे 'एंगेज्ड' (१८७७), आर्थर पिनेरो यांचे 'द मॅजिस्ट्रेट' (१८८५), ब्रँडन टॉमस यांचे 'चार्लीज आंट' (१८९२) आणि ऑस्कर वाइल्ड यांचे 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' (१८९५) ही नाटके त्या वाटचालीतील टप्पे आहेत. गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या 'द मिकाडो' (१८८५) यांसारख्या संगीतिकांत गाणे आणि उपहास एकत्र नांदत होते. देवलांचे लेखन याच वर्षांतले आहे. मात्र त्यांनी समकालीन इंग्रजी नाटकांऐवजी त्याहून जुन्या, सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजी नाटकांकडे लक्ष वळवले. लंडनमध्ये आणि महाराष्ट्रात एकाच काळात फार्सचे रूप बदलत होते. पण त्यामागची सामाजिक कारणे वेगळी होती. लंडनचा विनोद सुस्थित मध्यमवर्गाच्या दिखाऊ सभ्यतेला हसत होता. महाराष्ट्रातल्या विनोदासमोर सुधारक आणि सनातनी यांचा उघड संघर्ष होता.

या संघर्षात रंगभूमीवरचा उपहास पुष्कळदा सुधारणेच्या विरोधातच वापरला जाई. नारायण बापूजी कानिटकर यांच्या 'तरुणी-शिक्षण-नाटिका' (१८८६) या नाटकात शिकलेल्या स्त्रियांची टवाळी होती आणि त्या नाटकाला प्रेक्षकही मिळाले. पुढे संमतिवयाच्या कायद्याचीही नाटकातून थट्टा झाली. उपहासाचा रोख सुधारकांकडून रूढीकडे वळवणारे यशस्वी नाटक लिहिणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. देवलांचे वेगळेपण समजण्यासाठी ही पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे.

== भाषांतरे आणि रूपांतरे ==

देवलांचे पहिले नाटक 'दुर्गा' (१८८६) हे टॉमस सदर्न यांच्या 'द फेटल मॅरेज' या नाटकावरून डेव्हिड गॅरिक यांनी सिद्ध केलेल्या 'इझाबेला' या शोकनाट्याचे रूपांतर आहे. पती मरण पावला असे समजून दुसरा विवाह केलेल्या स्त्रीसमोर पहिला पती जिवंत उभा राहतो, अशी मूळ इंग्रजी कथा आहे. 'झुंझारराव' (१८९०) हे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चे रूपांतर असून ते गद्य रंगभूमीवर गाजले. 'दुर्गा' आणि 'झुंझारराव' या दोहोंत देवलांनी पात्रांना मराठी नावे, मराठी नाती आणि मराठी वळणाचे बोलणे दिले.

संस्कृतातून त्यांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' आणि कालिदासाचे 'विक्रमोर्वशीय' मराठीत आणले. बाणभट्टाच्या 'कादंबरी'तील महाश्वेता आणि पुंडरीक यांच्या कथेवरून 'शापसंभ्रम' (१८९३) रचले. यांपैकी 'मृच्छकटिक' विशेष लोकप्रिय झाले. चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रेमकथेइतकाच त्यातील शकार हा राजाचा मेहुणा प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला. सत्तेच्या जवळ असलेला, मूर्ख, बढाईखोर आणि कामातुर असा हा शकार पुराणांची नावे हवी तशी उलटसुलट करून स्वतःची विद्वत्ता मिरवतो. हास्यास्पद माणूस धोकादायकही असू शकतो, ही जाणीव देणारे हे पात्र आहे. पुढे 'शारदा'तील भुजंगनाथ रंगवताना देवलांना या अनुवादाचा सराव उपयोगी पडला असावा.

== 'तसबिरीचा घोटाळा' ते 'संशयकल्लोळ' ==

१८९३ च्या सुमारास देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य प्रहसन लिहिले. त्याचा आधार आयरिश नाटककार आर्थर मर्फी यांचे 'ऑल इन द राँग' (१७६१) हे इंग्रजी नाटक होय. मर्फी यांनी आपल्या नाटकाची कल्पना मोलिएरच्या 'स्गानारेल' (१६६०) या फ्रेंच प्रहसनावरून घेतली होती. एकच कथासूत्र पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून महाराष्ट्रात असा सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास करून मराठीत आले.

कथानक थोडक्यात असे. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे पती-पत्नी एकमेकांविषयी सदैव साशंक असतात. रस्त्यात घेरी आलेल्या रेवती या तरुणीला फाल्गुनराव सावरतो आणि नेमके तेच कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती ती न्याहाळत असताना फाल्गुनराव पाहतो. येथून दोघांच्या संशयाला पुराव्याचे बळ मिळते. रेवती आणि अश्विनशेठ हे परस्परांवर अनुरक्त असलेले जोडपेही या घोटाळ्यात सापडते. भादव्यासारखे नोकर मधल्या मधे गोंधळ वाढवतात. प्रत्येक पात्राला दिसते ते खरेच असते; पण त्यावरून काढलेला प्रत्येकाचा निष्कर्ष चुकीचा असतो. शेवटी सर्वजण एकत्र येतात तेव्हा सारे गैरसमज एकदमच गळून पडतात.

रूपांतरात देवलांनी केलेले बदल अभ्यासनीय आहेत. पात्रांची नावे त्यांनी मराठी महिने आणि नक्षत्रे यांवरून योजली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या हे पुरुष, तर कृत्तिका, रेवती, मघा, तारका या स्त्रिया. मर्फीच्या नाटकातील संशयी गृहस्थाचे नाव सर जॉन रेस्टलेस असे आहे. स्वभाव नावातच सांगणारी इंग्रजी विनोदी नाटकाची ही पद्धत देवलांनी शब्दशः न उचलता पंचांगातून नावांची एक स्वतंत्र गंमत निर्माण केली.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. मूळ इंग्रजी नाटकातील प्रेयसी प्रतिष्ठित घराण्यातील अविवाहित कन्या आहे. अशी कन्या प्रियकराला भेटते, त्याच्याशी भांडते, त्याची तसबीर जवळ बाळगते हे १८९३ सालच्या मराठी पांढरपेशा घरात संभवत नव्हते. तेथे मुलीचे लग्न ती कळती होण्यापूर्वीच झालेले असे. देवलांनी रेवतीला नायकिणीची कन्या केले. त्यामुळे कथेतील मोकळ्या भेटीगाठी प्रेक्षकांना पटल्या. त्याचबरोबर नायकिणीच्या मुलीला निष्ठावंत प्रेमाची आणि सन्मानाने विवाह करण्याची आकांक्षा असू शकते, ही गोष्ट कोणताही उपदेश न करता नाटकात आली. रूपांतराची अडचण सोडवताना देवलांनी असा सामाजिक आशय सहजतेने आणला.

या प्रहसनातील विनोद शारीरिक आचरटपणावर किंवा अश्लील कोट्यांवर अवलंबून नाही. तो प्रसंगांच्या गुंफणीतून आणि स्वभावातून निर्माण होतो. तत्कालीन फार्समध्ये आढळणारा ग्राम्यपणा त्यांनी कटाक्षाने टाळला.

आयुष्याच्या अखेरच्या काळात देवलांनी याच नाटकासाठी पदे रचली आणि त्याला 'संगीत संशयकल्लोळ' हे रूप दिले. गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. परंतु तो प्रयोग पाहण्यास देवल हयात नव्हते. १४ जून १९१६ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी काही महिन्यांनी 'संशयकल्लोळ' सुरू झाले. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती या भूमिका विशेष गाजल्या.

== 'शारदा' ==

=== सामाजिक संदर्भ ===

१८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवरील टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वाद सुरू झाला. त्याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला उभा राहिला. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करण्यात आले. गोपाळ गणेश आगरकरांनी या कायद्याचा पुरस्कार केला, तर लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्ग या प्रश्नावर दुभंगला होता.

बाला-जरठ विवाह हे या प्रश्नाचे सर्वांत क्रूर रूप होते. साठी-सत्तरी ओलांडलेला धनवान विधुर दहा-बारा वर्षांच्या गरीब मुलीशी लग्न करी आणि मुलीचा बाप त्या बदल्यात पैसे घेई. नवरा थोड्याच वर्षांत मरे. उच्चवर्णीय घरांतील अशा मुलीला पुनर्विवाहाची मुभा रूढीने नाकारलेली असे. १८५६ पासून विधवाविवाह कायदेशीर असला, तरी व्यवहारात तिच्या वाट्याला केशवपन आणि जन्मभराची परवशता येई. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला तो अशाच स्त्रियांसाठी.

=== कथानक ===

या विषयावर देवलांनी लिहिलेले 'शारदा' हे नाटक १८९९ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. हरिपूरच्या संगमावरील पारावर बसून देवलांनी हे नाटक लिहिले, अशी आठवण त्या परिसरात सांगितली जाते. पाऊणशे वयाचा श्रीमंत भुजंगनाथ पुन्हा बोहल्यावर चढण्यास उत्सुक आहे. भद्रेश्वर दीक्षित हा लग्ने जुळवणारा मध्यस्थ त्याच्यासाठी कांचनभट या लोभी भिक्षुकाची मुलगी शारदा हेरतो. शारदेची आई इंदिराकाकू हिला हा संबंध मान्य नाही. पण घरात तिचे काही चालत नाही. कोदंड हा सुधारणावादी तरुण या विवाहाला विरोध करतो. ऐन लग्नात वधू आणि वर सगोत्र असल्याचे उघड होऊन विवाह थांबतो. अर्धवट झालेल्या विधींमुळे आपण कोणाच्याच राहिलो नाही, या भावनेने शारदा नदीत जीव देण्यास निघते. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या अनुमतीने दोघांचा विवाह होतो.

=== उपहासाची पद्धत ===

'शारदा'तील हास्य कोणाच्या वाट्याला येते, हे पाहण्यासारखे आहे. भुजंगनाथाची तरुण दिसण्याची धडपड, भद्रेश्वराची गोडबोली दलाली आणि कांचनभटाचा धनलोभ यांना देवल मनसोक्त हसतात. नावांतही उपरोध भरलेला आहे. कांचन म्हणजे सोने. भुजंग या शब्दाला साप आणि विषयलंपट पुरुष असे दोन्ही अर्थ आहेत. आणि ज्याच्या हातून सर्वांत अभद्र काम होते त्याचे नाव भद्रेश्वर आहे. शारदेच्या मैत्रिणी नवऱ्यामुलाच्या वयाची थट्टा करतात, तेव्हा प्रेक्षकही हसतात.

मात्र स्वतः शारदा कधीही हास्याचा विषय होत नाही. आधीच्या फार्समध्येही म्हातारा नवरा आणि तरुण बायको ही जोडी असे. पण तेथे तरुण बायको चवचाल आणि नवरा फसवला जाणारा, असा ठरावीक साचा होता. हसण्यात दोघांचीही किंमत सारखीच उणावत असे. देवलांनी हा साचा मोडला. वल्लरी आणि इतर मैत्रिणींची थट्टा ऐकून हसणारा प्रेक्षक पुढच्याच प्रवेशात शारदेचे भय पाहतो आणि ज्या लग्नाला आपण हसलो ते एका मुलीचा बळी घेणार आहे, याचे भान त्याला येते. हसू आणि भय यांची ही जवळीक हेच 'शारदा'चे बळ होय.

=== टीका ===

नाटकाच्या शेवटावर समीक्षकांनी आक्षेप घेतले आहेत. विवाह मोडतो तो मुलीच्या नकारामुळे किंवा तिच्या वयामुळे नव्हे, तर सगोत्रतेच्या तांत्रिक कारणामुळे. आणि तिचा नवा विवाह मान्य होतो तो धर्मपीठाच्या आज्ञेने. वर वेगळ्या गोत्राचा असता तर काय झाले असते, या प्रश्नाला नाटक उत्तर देत नाही. कोदंडाचे पात्र सुधारणेचा प्रवक्ता म्हणून आखल्यामुळे काहीसे एकसुरी वाटते, असेही म्हटले जाते. दुसऱ्या बाजूने असे सांगता येते की देवलांचा प्रेक्षक धर्मशास्त्र मानणारा होता. शास्त्राच्याच भाषेत त्याचे मन वळवण्याचा मार्ग त्यांनी निवडला. त्यामुळे सुधारकांची व्याख्याने ऐकण्यास न जाणारी कुटुंबे 'शारदा' पाहण्यास मात्र आली.

== 'शारदा' नाटक आणि सारडा कायदा ==

बालविवाह प्रतिबंधक कायदा हा 'शारदा कायदा' या नावाने ओळखला जात असल्यामुळे त्याचे नाव देवलांच्या नाटकावरून पडले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. हा कायदा १९२९ मध्ये, म्हणजे देवलांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्याचे विधेयक अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडले होते आणि त्यांच्या आडनावावरून तो 'सारडा कायदा' झाला. मराठीत 'सारडा'चे 'शारदा' सहजपणे झाले, याचे एक कारण देवलांच्या नायिकेची लोकप्रियता हे असू शकते. या कायद्याने विवाहाचे किमान वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ वर्षे ठरवले. वधू-वरांच्या वयांतील अंतरावर त्यात बंधन नव्हते. त्यामुळे चौदा वर्षांची शारदा आणि पंचाहत्तर वर्षांचा भुजंगनाथ यांचा विवाह या कायद्यानेही थांबला नसता.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांना तो आपोआप लागू नव्हता. देवलांची सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते, तर आजचे नांदेड आणि लातूर हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. अशा प्रदेशांत कायद्याआधी पोहोचू शकणारी साधने म्हणजे छापील पुस्तक, कीर्तन आणि नाटक हीच होती. स्वातंत्र्यानंतर १९७८ मध्ये विवाहाचे किमान वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ करण्यात आले व २००६ मध्ये नवा बालविवाह प्रतिबंधक कायदा आला. तरीही गरिबी, हुंडा आणि मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती या कारणांनी बालविवाह पूर्णपणे थांबलेले नाहीत. त्यामुळे 'शारदा'चा विषय केवळ इतिहासजमा झालेला नाही.

== नाट्यशिक्षक देवल ==

देवल हे त्या काळातील नामांकित तालीम मास्तर होते. नाटककार, दिग्दर्शक आणि शिक्षक ही कामे तेव्हा पुष्कळदा एकच व्यक्ती करीत असे. वाक्यातील योग्य शब्दावर आघात, पदाचा अर्थ समजून गाणे आणि भूमिकेच्या वयाला व स्वभावाला शोभेल अशी हालचाल यांवर त्यांचा भर असे. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत असल्यामुळे शारदेसारख्या अल्पवयीन मुलीचे संयत चित्रण उभे करणे हे शिक्षकाचेही कौशल्य होते.

१९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झालेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांना देवलांच्या शिक्षणाचा लाभ झाला. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या नव्या मंडळीलाही देवलांचे मार्गदर्शन मिळाले. किर्लोस्करांची परंपरा बालगंधर्वांच्या पिढीकडे सोपवणारा दुवा, असे देवलांचे वर्णन यथार्थ ठरते.

== भाषा आणि पद्यरचना ==

देवलांची गद्यभाषा साधी, बोलती आणि घरगुती आहे. पात्राच्या दर्जानुसार ती बदलते : भिक्षुकाची, सावकाराची, नोकराची आणि घरातील बायकांची बोली वेगवेगळी ओळखू येते. संस्कृत नाटकांच्या अनुवादातही त्यांनी जड समास टाळले.

पदरचनेत त्यांनी किर्लोस्करांचा मार्ग अनुसरला. साकी, दिंडी, कामदा यांसारखी मराठी कानांना परिचित असलेली वृत्ते आणि स्त्रियांच्या गाण्यांच्या चाली त्यांनी वापरल्या. पद हे संवादाचाच पुढचा भाग वाटावे, अशी त्यांची दृष्टी होती. त्यांचे समकालीन श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'वीरतनय' (१८९६) पासून पारशी-उर्दू रंगभूमीच्या चाली आणि कल्पनाचमत्कृतीने भरलेला कोटीबाज विनोद आणला. देवलांचा विनोद प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ, तर कोल्हटकरांचा शब्दनिष्ठ आणि कल्पनानिष्ठ, असा भेद सामान्यतः केला जातो.

== नाट्यसंपदा ==

* दुर्गा (१८८६) – सदर्न–गॅरिक यांच्या 'इझाबेला'वरून
* मृच्छकटिक (१८८७) – शूद्रकाच्या नाटकावरून
* विक्रमोर्वशीय – कालिदासाच्या नाटकावरून
* झुंझारराव (१८९०) – शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून
* शापसंभ्रम (१८९३) – बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून
* शारदा (१८९९) – स्वतंत्र
* संशयकल्लोळ (१९१६) – मर्फीच्या 'ऑल इन द राँग'वरून. पूर्वरूप 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' (१८९३)

== मूल्यमापन आणि वारसा ==

सातांपैकी सहा नाटके परक्या आधारावर उभी असल्यामुळे देवलांना स्वतंत्र प्रतिभेचा नाटककार म्हणावे की कुशल रूपांतरकार, हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर नेहमी ठेवला जातो. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या नाटकांच्या क्रमात सापडते. पहिली तेरा वर्षे त्यांनी इतरांच्या कथांतून शोक, संशय, शृंगार आणि हास्य हाताळण्याचा अभ्यास केला. त्यानंतर स्वतःच्या समाजातील प्रश्नावर लिहिताना त्यांना कोणत्याही मूळ कृतीची गरज भासली नाही. मराठीतील पहिले यशस्वी स्वतंत्र सामाजिक संगीत नाटक म्हणून 'शारदा'चा उल्लेख केला जातो.

'संशयकल्लोळ'ची लोकप्रियता शंभर वर्षांनंतरही टिकून आहे. अलीकडच्या काळात प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी ते नव्या पिढीसमोर आणले. परकीय फार्स मराठी घरात रुजवण्याची जी वाट देवलांनी दाखवली, तिच्यावरून पुढे अनेकजण गेले. 'चार्लीज आंट'वरून आचार्य अत्रे यांनी लिहिलेले 'मोरूची मावशी' हे त्याचे ठळक उदाहरण होय. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेतर्फे १४ जून या देवलांच्या स्मृतिदिनी नाट्यक्षेत्रातील पुरस्कार दिले जातात.

'संशयकल्लोळ'मध्ये देवलांनी प्रेक्षकाला स्वतःच्या संशयी स्वभावाकडे पाहून हसायला लावले, तर 'शारदा'मध्ये त्याच्या भोवती राजरोस चालणाऱ्या अन्यायाकडे. ज्याच्या हाती पैसा, वय आणि अधिकार आहे त्याला हसावे आणि जो असहाय आहे त्याला हसू नये, हा विवेक त्यांच्या दोन्ही नाटकांत सारखाच आढळतो.